साडेसातचा वर्ग

तेलुगू मालिकांमध्ये गेल्या वीस-बावीस वर्षांत जितक्या सुना पदवीधर झाल्या, त्या सगळ्या आमच्या मोठेबाबांनी केल्या. मालिका काढणाऱ्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. ते बिचारे हैदराबादेत बसून सुनांना रडवत होते, दुधातून विष पाजत होते, जिन्यावरून ढकलत होते. आणि इकडे आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, वेताच्या खुर्चीत बसून मोठेबाबा त्याच सुनांना बी.ए., बी.एड. करत होते, नोकरीला लावत होते आणि सासवांना त्यांचे डबे भरायला लावत होते. हे त्यांनी एकट्याने, विनामोबदला आणि कुणालाही पत्ता लागू न देता केलं. पत्ता फक्त मला होता, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठीआई त्यांची बायको. आमची घरं एकाला एक लागून आहेत. मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून वाटीभर साखरेपासून वाटेल त्या निरोपापर्यंत सगळं जातं-येतं. आमचे आजोबा तलमडुगूकडे एका पाटलाच्या घरी सालदार होते. त्यांचा हा मुलगा घराण्यातला पहिला मॅट्रिक, पहिला मास्तर, आणि झाडून सगळ्या नातेवाइकांच्या पोरांचे कान पिळण्याचा पहिला हक्कदार. सारी नोकरी त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या मराठी शाळांमध्ये काढली. मी आज गावातल्याच मंडल कार्यालयात कारकून आहे, म्हणून लग्नानंतरही माहेरच्याच घरात राहते आणि दिवसभर लोकांच्या अर्ज्या वाचते. पण एखाद्या अर्जीत चुकीच्या जागी सही दिसली, की अजूनही माझा हात आपोआप स्वतःच्याच कानाकडे जातो.

आमच्याकडे दोन हंगाम एकदमच येतात. शेतात कापसाची बोंडं फुटायला लागली आणि गल्लीतल्या तेलुगू बायका संध्याकाळी बतुकम्माच्या सणाची फुलं रचायला बसल्या, की टीव्हीवर नव्या मालिकांच्या जाहिराती सुरू होतात. दसऱ्याला सकाळी विहारात वंदना करून आलो, सगळ्यांना जयभीम घालून झालं, गोडधोड खाऊन झालं, की मोठेबाबा पांढरा सदरा न बदलता पेटी उघडायचे आणि तळातून एक जुना हजेरीपट काढायचे. शाळेतला कोरा उरलेला हजेरीपट होता तो. त्यात ते तांबड्या शाईने नव्या रेघा मारत आणि यंदा सुरू होणाऱ्या मालिका विद्यार्थ्यांसारख्या ओळीने लिहीत. मालिकांची खरी नावं त्यांना मान्य नव्हती. ती सगळी सारखीच वाटतात, असं ते म्हणत. त्यांनी स्वतः नावं ठेवलेली असत: जिनेवाली, देवघरवाली, जुळ्या बहिणी, आणि एकीचं नाव तर नुसतं ‘खोकला’ होतं, कारण तिच्यातला आजोबा पहिल्या जाहिरातीपासून खोकत होता.

नाव लिहिलं म्हणजे प्रवेश मिळाला, असं मात्र नव्हतं. प्रत्येक मालिकेची सोमवार ते शुक्रवार अशी पाच भागांची परीक्षा व्हायची. विषय चार: भाषा, वागणूक, स्वच्छता आणि कष्ट. प्रत्येकी पंचवीस गुण. पस्तिसाला पास. शनिवारी संध्याकाळी अंगणात चहा-चिवड्याबरोबर निकाल लागायचा. पास झालेली मालिका शेवटच्या भागापर्यंत पाहायची, मग ती चार वर्षं चालो. नापास झालेली पुन्हा डोळ्यांसमोर येऊ द्यायची नाही. एकदा आमच्या आईने हौसेने एक नापास मालिका आमच्या घरी लावली होती, तर भिंतीपलीकडून मोठेबाबांचा आवाज आला, “तिचं नाव काढून टाकलं होतं!” आईने घाबरून टीव्हीच बंद केला.

बहुतेक मालिकांचा जीव ‘कष्ट’ या विषयात जायचा. “तीन मजली घर, अकरा मानसं,” मोठेबाबा विचारायचे, “अन् दुपारी बारा वाजता सारेच्या सारे सोफ्यावर? काऊन? कामाले कोन गेलं? याहिचं पोट भरते कशावर?” मग ते शून्य लिहून त्याच्याभोवती गोल काढायचे. मोठीआईची पद्धत निराळी. ती पहिल्या दिवशी लसूण सोलत, मेथी निवडत बसायची आणि मान वर करायची ती फक्त स्वयंपाकघर दिसलं तर. मग एकच वाक्य बोलायची. “एका बी भांड्याचं बूड काळं नाही. हे लोकं जेवत नसतीन.” झालं. इकडे मोठेबाबा पाच दिवस टिपणं काढत, बेरजा करत, आणि शनिवारी त्या मालिकेला एकोणतीस गुण पडत. मोठीआईने सोमवारीच तिला नापास केलेलं असायचं. एका वर्षी मात्र चौतीस गुणांवर अडकलेल्या मालिकेला तिने स्वतःहून एक गुण वाढवून मागितला होता, कारण त्यातल्या सुनेने तवा उचलताना पदर हाताशी घेतला होता. मोठेबाबांनी दोन मिनिटं विचार करून तो दिला.

साडेसातच्या ठोक्याला वर्ग भरायचा. सुरुवातीचं गाणं लागायच्या आत आपापल्या जागी बसलं पाहिजे. गाणं सुरू झाल्यावर जो येईल त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून पाहायचं. मी एक अख्खं बाळंतपण, म्हणजे मालिकेतलं, उंबऱ्याबाहेर उभ्याने पाहिलेलं आहे. जाहिराती लागल्या की तोंडी परीक्षा. “मघाशी वकिलाच्या हातात काय होतं? कोनत्या हातात?” पाहुणे म्हणून आलेल्या माणसांनाही सूट नव्हती. माझे होणारे सासरे मुलगी पाहायला आले होते तेव्हा नेमके साडेसात वाजले. पहिल्या जाहिरातीत त्यांनाही प्रश्न आला आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं म्हणून माझं लग्न जमलं, असं आमच्या घरात आजही मानतात. शिवाय मोठेबाबा मालिकावाल्यांना पोस्टकार्डं लिहायचे, तीही शुद्ध मराठीत आणि सुंदर वळणदार अक्षरात. ‘आपल्या मालिकेतील सासूबाई गेले नऊ भाग त्याच पैठणीत झोपत आहेत. कृपया त्यांना एक सुती पातळ द्यावे.’ हैदराबादहून एकाही कार्डाचं उत्तर आलं नाही. “मराठी वाचणारा मानूस ठेवला नसन त्याइनं,” एवढंच ते म्हणायचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत बसले आहे, ती. पूर्वी आमच्याकडे मराठी मालिका दिसायच्या. मग एका वर्षी केबलवाल्याने मराठी वाहिन्या काढून टाकल्या आणि उरल्या त्या तेलुगू. मोठेबाबांचं तेलुगू पक्कं होतं. मतदारयाद्या करत गावोगाव हिंडले होते, वरून येणारी सगळी परिपत्रकंही तेलुगूतच असायची. मोठीआई मात्र नदीपलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती ठामपणे सांगायची, “मले ते तेलुगू काही समजत नाही बाप्पा.” बाजारातही वांग्याकडे बोट दाखवून मराठीतच घासाघीस करायची. तेव्हा ठरलं असं, की पात्रांनी तेलुगूत बोलायचं आणि मोठेबाबांनी खुर्चीतून मराठीत सांगायचं. त्यांचा आवाज भरदार, शिकवून शिकवून कमावलेला. सासूचं बोलणं सासूच्या आवाजात, सुनेचं सुनेच्या आवाजात, आणि गुंडाचं बोलणं मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत, कारण गुंडाला शिव्या देऊ द्यायच्या नव्हत्या.

मी अकरा वर्षांची होते. तेलुगू माध्यमात शिकत होते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं कळत होतं, आणि हे मोठेबाबांच्या लक्षात यायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी पडद्यावर सासू डोळे वटारून सुनेला म्हणाली, “उद्या सूर्य उगवायच्या आत माझ्या घरातून चालती हो.” आणि खुर्चीतून आवाज आला, “सासू म्हणते, बाई, उद्या तुही डी.एड.ची परीक्षा हाय. सूर्य उगवाच्या आत उठ, अन् जा.” मी फसकन हसले. मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हसू गिळून टाकलं. मोठीआई खाली मान घालून मेथी निवडत होती.

जाहिरात लागल्यावर त्यांनी मला अंगणात नेलं. मला वाटलं, आता कान. पण त्यांनी पेरूच्या झाडावरून एक पेरू तोडून माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, “पुस्तकात चूक छापली असन, तर मास्तरनं काय कराचं? पोराइले चूकच शिकवाची काय? दुरुस्त करून सांगाची. समजलं? मंग बोलू नको कोनाजवळ.” मी पेरू खाल्ला आणि शब्द दिला. पेरू कच्चा होता, पण शब्द मी पाळला.

त्यानंतरची मालिका पाहण्याची मजा मी काय सांगू! पडद्यावर काय घडतंय हे मला दिसायचं आणि मोठेबाबा त्याचं काय करतात याच्याकडे माझे कान लागलेले असायचे. बोलणं दुरुस्त करणं सोपं, पण चित्राचं काय? सासूने सुनेच्या थोबाडीत ठेवून दिली. खणखणीत आवाज झाला. मोठीआई म्हणाली, “अगा माय! काय झालं जी?” “डास,” मोठेबाबा म्हणाले. “गालावर डास बसला होता पोरीच्या.” त्या मालिकेत आठवड्याला सरासरी दोन डास मारले जायचे. मग एकदा धाकट्या जावेने दुधात कसली तरी पूड टाकली. “जायफळ टाकून राह्यली. तिले झोप लागत नाही म्हून.” सून दूध प्यायली आणि धाडकन कोसळली. “पाह्य, लागली झोप.” ॲम्ब्युलन्स आली. “शेजाऱ्यासाठी.” आणि दुसऱ्या दिवशी सुनेचा हार घातलेला फोटो भिंतीवर! आता मोठेबाबा सापडले, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “बदली झाली तिची निर्मल गावाले. निरोप समारंभाचा फोटो हाय.” पुढे तीन महिन्यांनी मालिकावाल्यांनी त्या सुनेला तिच्यासारखीच दिसणारी दुसरी बाई म्हणून परत आणली, तेव्हा मोठेबाबांच्या चेहऱ्यावरचा विजय मी विसरणार नाही. “आली,” ते मला डोळा घालून म्हणाले, “बदली रद्द झाली.”

अशा रीतीने आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं दोन प्रकारच्या मालिका चालू होत्या. बाकीच्या घरांत सुना रडत होत्या, आणि मोठेबाबांच्या घरात शिकत होत्या. मोठीआई गल्लीतल्या तेलुगू बायकांशी मालिकांबद्दल कधी चकार शब्द बोलायची नाही. भाषा येत नाही म्हणून बोलत नसेल, असं मला वाटायचं. मी किती हुशार होते ते यावरून कळावं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, सकाळी दात घासताना, मोठेबाबांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. आदिलाबादच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली, अशा अवस्थेत. समजत सगळं होतं. डोळे तेच होते, चूक शोधणारे. फक्त आवाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, पण पहिले काही महिने महत्त्वाचे. त्यांना स्वतःला बोलावंसं वाटलं पाहिजे, त्यांनी रोज प्रयत्न केला पाहिजे, नाहीतर मग राहिलंच. बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. गोड मुलगी होती. तिने चित्रांची कार्डं आणली होती: गाय, आंबा, घर. तिने गाईचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाली, “आजोबा, हे काय आहे?” ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याला ‘ग गाईचा’ शिकवला, त्याच्यापुढे गाय. मोठेबाबांनी डाव्या हाताने कार्ड उलटं करून ठेवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्या मुलीसमोर त्यांनी ओठसुद्धा हलवले नाहीत. हैदराबादहून त्यांचा मुलगा फोनवर बाबा-बाबा करायचा. मोठेबाबा फोन कानावरून खाली ठेवायचे. टीव्हीवर मोठीआईने विणलेला रुमाल टाकला तो टाकलाच. पावसाळा सरला. महिने हातातून निघून जात होते, आणि आता हे घर असंच मुकं होणार, असं भिंतीपलीकडे आम्हाला वाटायला लागलं होतं.

दसरा आला. विहारातून परत आल्यावर मोठीआईने कुणाला काही न विचारता पेटी उघडली, हजेरीपट काढला आणि मोडक्यातोडक्या अक्षरात एक नाव लिहिलं: ‘चौकडीच्या ओढणीवाली’. सोमवारी साडेसातला तिने टीव्हीवरचा रुमाल उचलला, खुर्ची समोर ओढली आणि मला भिंतीवरून हाक मारली, “बेबी, ये व. वर्ग हाय.” मी गेले. मोठेबाबा खिडकीबाहेर पाहत होते. गाणं संपलं आणि मोठीआई बोलायला लागली. लसूण सोलत, पडद्याकडे बघत, एकसुरी आवाजात, पोथी वाचावी तसं: “हे पोरगी गरिबाची हाय. शिकून राह्यली, पन तिचं मन काही शिक्षणात नाही. तिले लगन पाह्यजे.”

मी चमकून पाहिलं. पडद्यावर त्या मुलीने कॉलेजात पहिला नंबर काढला होता आणि ती म्हणत होती, मी काही झालं तरी शिकणार.

मला वाटलं, बिचारीला भाषा येत नाही, अंदाजाने सांगते आहे. मंगळवारी मुलगी लग्नाला नकार देत होती; मोठीआई म्हणाली, “हो म्हणून राह्यली. खूश हाय.” मोठेबाबांनी खिडकीकडून मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. बुधवारी मुलीच्या आजीने आपल्या हातातली पाटली तिच्या शिक्षणासाठी काढून दिली, मोठीआई म्हणाली, “आजी म्हणते, पुस्तकं रद्दीत घाल.” खुर्चीच्या हातावर मोठेबाबांचा डावा हात धाडकन आपटला. मोठीआईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अंदाजाने सांगणाऱ्याचं अधूनमधून बरोबर येतं. हिचं एकही वाक्य बरोबर येत नव्हतं. प्रत्येक वाक्य नेमकं उलटं होतं, आणि इतकं नेमकं उलटं सांगायला शब्द न् शब्द कळावा लागतो. मी तोंड उघडायला गेले, तर मोठीआईने लसणाची एक पाकळी माझ्या दिशेने भिरकावली. मी गप्प बसले. या घरात गप्प बसायची मला जुनी सवय होती.

गुरुवारी मोठेबाबा सव्वासातपासून खुर्चीत बसून होते, घामाघूम, जबडा आवळलेला. शुक्रवारी परीक्षेचा शेवटचा दिवस. पडद्यावर त्या मुलीच्या हातात मास्तरणीच्या नोकरीचा कागद आला. तिने तो आपल्या बापाच्या हातात दिला. बाप गरीब माणूस, त्याला वाचता येत नव्हतं. तो कागद डोळ्यांना लावून रडला आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून भरभरून बोलला. मोठीआईने लसणाची परडी खाली ठेवली. तिचा आवाज आज एकसुरी नव्हता. “बाप म्हणते,” ती म्हणाली, “बस झालं शिकणं. पोरीच्या जातीले कायले पाह्यजे? तुहं दप्तर काढ खुंटीवरून, अन् देऊन टाक मामाच्या पोराले.”

“चू,” मोठेबाबा म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. “चू… चूक!” आवाज फाटका होता, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. “चूक!”

मोठीआई हलली नाही. “चूक काऊन?” ती म्हणाली. “मंग काय म्हणते तो बाप? सांगा तुमी.”

किती वेळ गेला कोण जाणे. मालिका संपली, पुढची लागली. मोठेबाबा शब्द शोधत होते आणि तो सापडत नव्हता. डावा हात हवेत काहीतरी धरायला बघत होता. शेवटी तो हात मोठीआईच्या डोक्यावर येऊन टेकला. “जा,” ते म्हणाले. “जा… म्हणते. शाळेत.”

मी तिथून उठले आणि अंगणात पेरूच्या झाडाखाली जाऊन मनसोक्त रडले. थोड्या वेळाने मोठीआई हात धुवायला नळावर आली. मी विचारलं, “मोठीआई, तुले तेलुगू केव्हापासून समजते?” ती हात धुतच म्हणाली, “टीव्हीत तेलुगू लागलं, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून.” म्हणजे वीस वर्षं! मग तिने सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. पहिले चार दिवस मोठेबाबा अगदी बरोबर सांगत होते. चौथ्या दिवशी मालिकेतल्या सासूने सुनेची पुस्तकं चुलीत घातली. “मी उठली. म्हटलं, माह्यं लगन जुळलं तवा माह्या बापानं खुंटीवरचं दप्तर काढून मामाच्या पोराले देल्लं होतं. सातवीत होती मी. तेच टीव्हीत कायले पाहाचं? ते काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून सून शिकाले लागली.” लग्नानंतर तिला मॅट्रिकला बसवायचं असं मोठेबाबांनी ठरवलं होतं, मग बदल्या, मग दीर-नणंदा, मग मूल, आणि ते राहून गेलं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. फक्त रोज साडेसातला एकेक सून पास होत राहिली.

“पन मंग तू सांगितलं काऊन नाही त्याइले, समजते म्हून?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर सांगाचे बंद झाले असते ना व,” मोठीआई म्हणाली. “टीव्हीतल्यापेक्षा त्याइच्या मालिका चांगल्या होत्या.” तिने पदराला हात पुसले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने हजेरीपटात चौकडीच्या ओढणीवालीला शंभरपैकी शंभर दिले. मोठेबाबांनी ते खोडून, डाव्या हाताने, बहात्तर केले.

यंदाचा हंगाम गेल्या आठवड्यात सुरू झाला. मोठेबाबांचं बोलणं पुरतं परत आलेलं नाही, आणि येईल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. दिवसाला दहा-पंधरा शब्द येतात, तेही एकेक करून. मालिका काही त्यांच्यासाठी थांबत नाही. पडद्यावरची सून घराबाहेर पडून, नदीवर जाऊन, परत आलेली असते आणि मोठेबाबा अजून सासूच्या पहिल्या शब्दापाशी असतात. मला त्यांचा तो भरदार आवाज आठवतो, सासूचा वेगळा, सुनेचा वेगळा, आणि खोटं कशाला सांगू, फार आठवतो. मधली रिकामी जागा मोठीआई भरून काढते. तिला तेलुगू कळतं हे त्यांना कळलंय का, असं मी तिला विचारलं होतं. “कळलं असन,” ती म्हणाली. “आमी इचारलं नाही एकमेकाले.”

परवा नव्या मालिकेचा तिसरा भाग होता. मी गाणं संपल्यावर पोचले, म्हणून रीतसर उंबऱ्याबाहेर उभी होते. पडद्यावर सासूने हात उगारला आणि सुनेच्या थोबाडीत दिली. खणखणीत आवाज झाला. मोठीआईचे लसूण सोलणारे हात थांबले. “अगा माय,” ती म्हणाली. “काय झालं जी?”

मोठेबाबांचे ओठ हलायला लागले. सून रडून उठून आत गेली. जाहिराती लागल्या. साबणाची संपली, बियाण्याची संपली, मालिका पुन्हा सुरू झाली. मोठीआई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती, जणू तिला जगात दुसरं काही कामच नव्हतं. मीही चौकट धरून उभी होते.

“डास,” मोठेबाबा म्हणाले.

“बाप्पा!” मोठीआई म्हणाली. “लयच डास झाले याहिच्या घरात.” आणि तिने लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली.